चुनखडकाचं नाव ठरवताना पहिला प्रश्न: कण टेकलेत की तरंगतायत?

शहाबादी फरशी, ओट्याचा काळा कडप्पा, कोटा आणि मुंबईतल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींच्या कोरीवकामातला पिवळसर पोरबंदरी दगड, हे चारही चुनखडक. चारही दगडांची पूड करून प्रयोगशाळेत दिली तर मुख्य घटक एकच निघेल, कॅल्शियम कार्बोनेट. तरी पोरबंदरी दगडावर पाणी टाकलं की तो ते शोषून घेतो आणि शहाबादीवर थेंब बराच वेळ तसाच राहतो. पोरबंदरीत नक्षी कोरता येते, शहाबादी मात्र थरांवर उलगडून सपाट लादी देते. नुसतं ‘चुनखडक’ म्हणून थांबलं की यातलं काहीच कळत नाही. म्हणून भूवैज्ञानिक चुनखडकाला दुसरं, नेमकं नाव देतात. ते कसं ठरतं, कुठे फसतं आणि कोणत्या कामाला कोणतं वर्गीकरण वापरावं, हे इथे सविस्तर मांडतो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खाणीत किंवा डोंगरावर असाल तर डनहॅमची पद्धत वापरा, म्हणजे कण टेकलेत की तरंगतायत यावरून नाव देणारी. सूक्ष्मदर्शकावर बसलात की फोकची पद्धत जोडीला घ्या, म्हणजे कणांचा प्रकार आणि त्यांच्यामध्ये काय भरलंय हे पाहणारी. सिमेंटवाल्यांचे रासायनिक दर्जे त्यांच्या जागी योग्य आहेत, पण त्यावरून खडक कसा तयार झाला हे ठरवायला जाऊ नका.

आधी आम्ल, पण शहाणपणानं

पहिली चाचणी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाची. क्षेत्रात ज्याला ‘दहा टक्के’ म्हणतात ते बहुतेक वेळा घनफळानं एक भाग तीव्र आम्ल आणि नऊ भाग पाणी असं बनवलेलं असतं. बनवताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. ड्रॉपर असलेली छोटी प्लास्टिकची बाटली पुरते. ताज्या फुटलेल्या भागावर एक थेंब टाका. कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज, असेल तर थंड आम्लातही जोरात फसफसतं. डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असलेलं कार्बोनेट, जवळजवळ गप्प राहतो. सुरीनं त्याची पूड पाडून त्यावर थेंब टाकला की मग मंद बुडबुडे येतात.

फसगत इथूनच सुरू होते. हातोड्याच्या घावानं उडालेली कॅल्साइटची धूळ डोलोमाइटवर बसली असेल तर तोही चुनखडकासारखा फसफसतो, म्हणून जागा आधी फुंकून किंवा पुसून घ्यावी. डोलोमाइटातून कॅल्साइटची बारीक शीर जात असेल तरी हेच होतं. थेंब शिरेवर पडला की खडकावर, हे भिंगातून पाहा. चुन्यानं जोडलेला वालुकाश्मही फसफसतो. तिथे सुरी उपयोगी पडते. कॅल्साइटची कठिनता 3, डोलोमाइटची 3.5 ते 4, आणि दोन्हींवर पोलादी सुरीनं ओरखडा उठतो. क्वार्ट्‌झच्या कणांवर सुरी घसरते आणि उलट पोलादाचीच रेघ दगडावर उमटते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टातही पोकळ्यांमध्ये कॅल्साइट असतो आणि त्यावर आम्ल छान फसफसतं. म्हणून नुसत्या फसफसण्यावर कुठल्याही काळ्या दगडाला चुनखडक म्हणू नये. ओट्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सांडून राहिलं की कडप्प्याची चकाकी जाते. तिथे जे घडतं ते याच चाचणीचं सौम्य रूप आहे.

पृष्ठभाग तयार केल्याशिवाय नाव देऊ नका

वर्गीकरणातल्या अर्ध्याअधिक चुका खराब पृष्ठभागामुळे होतात. फुटलेल्या चुनखडकाचा ताजा चेहरा चमकदार आणि सगळीकडे सारखाच दिसतो, त्यात कण आणि चिखल वेगळे कळत नाहीत. दोन गोष्टी करा. एक, उन्हापावसात झिजलेली बाजू फेकून देऊ नका. पावसाच्या पाण्यानं सगळे घटक सारख्या वेगानं विरघळत नाहीत, त्यामुळे शिंपले, प्रवाळ, चर्ट (सिलिकाच्या कठीण गाठी) त्या बाजूवर उठून दिसतात. दोन, थरांना आडवा छेद घेऊन त्याची एक बाजू सपाट घासा. पाण्यातला पॉलिश पेपर 220, मग 400, मग 600 नंबरचा, याच क्रमानं. प्रत्येक टप्प्यात आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही आणि मधे दगड धुवायचा, नाहीतर जाड पूड पुढच्या कागदावर येते आणि घासणं वाया जातं. शेवटी अगदी सौम्य आम्लात 10 ते 20 सेकंद बुडवून लगेच धुवायचं. मग पृष्ठभाग ओला ठेवून, तिरप्या उजेडात, 10 पट भिंगातून पाहायचं. या एवढ्या कामानं जे दिसतं ते कोरड्या तुकड्यात तासभर पाहूनही दिसत नाही.

याच घासलेल्या पृष्ठभागावरून अॅसिटेट फिल्मचा ठसाही घेता येतो आणि तो स्वस्त आहे. आम्लानं खरवडलेला पृष्ठभाग बोट न लावता धुवून पूर्ण वाळवायचा, आडवा ठेवायचा, त्यावर अॅसिटोन ओतायचं आणि फिल्म एका कडेनं हळूहळू टेकवत न्यायची. अॅसिटोन कमी पडलं तर हवेचे बुडबुडे अडकतात. दगड ओलसर राहिला असेल तर फिल्म दुधाळ होते. पूर्ण वाळल्यावर सोलून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरली की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते. अॅसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि आसपास ज्योत नको.

डनहॅमचे प्रश्न

चुनखडकाचे घटक मुळात तीन प्रकारचे: कण, कणांमधला चुन्याचा चिखल, आणि नंतर पोकळ्यांत वाढलेलं स्फटिकी सिमेंट. कण म्हणजे शिंपल्यांचे तुकडे, फोरामिनिफेरासारख्या सूक्ष्मजीवांची कवचं, एकाभोवती एक पापुद्रे चढून झालेले 2 मिलिमीटरहून लहान गोल ऊइड, आतून रचना नसलेले पेलॉइड, आणि त्याच समुद्रतळावरून उखडून पुन्हा बसलेले गाळाचे तुकडे, म्हणजे इंट्राक्लास्ट.

इथे येणाऱ्या विसाव्या शतकातल्या पद्धतींपैकी भूवैज्ञानिक ग्रॅबो यांची पद्धत सर्वांत जुनी. ती फक्त कणांचा आकार मोजते: 2 मिलिमीटरच्या वर कॅल्सिरुडाइट, त्याखाली वाळूच्या आकाराचा कॅल्करेनाइट आणि 0.062 मिलिमीटरहून बारीक कॅल्सिल्युटाइट. घाईच्या नोंदीला ती आजही चालते, पण पाणी शांत होतं की खळबळतं, हे तिच्यातून निघत नाही.

रॉबर्ट डनहॅम शेल कंपनीत होते. त्यांनी 1962 मध्ये मांडलेलं वर्गीकरण जगभर चाललं, कारण त्यांनी प्रश्न थोडेच ठेवले आणि नेमके ठेवले. गाळ साठतानाच जीवांनी तो एकत्र बांधला होता का? तसं असेल तर बाउंडस्टोन. नसेल तर चिखल आहे का? अजिबात नसेल तर ग्रेनस्टोन. चिखल असेल तर कण एकमेकांवर टेकून उभे आहेत की चिखलात तरंगतायत? टेकलेले असतील तर पॅकस्टोन. तरंगत असतील तर कणांचं प्रमाण पाहायचं: 10 टक्क्यांहून जास्त असेल तर वॅकस्टोन, कमी असेल तर मडस्टोन. आणि मूळची घडण ओळखूच येत नसेल इतका खडक बदलला असेल तर त्याला स्फटिकी कार्बोनेट म्हणायचं आणि पुढे ताणायचं नाही. मडस्टोन हे नाव मातीच्या खडकालाही आहे, म्हणून नोंदीत ‘लाइम मडस्टोन’ असं लिहिलेलं बरं.

या वर्गीकरणाचं मर्म ‘टेकणं’ या शब्दात आहे. कण किती टक्के आहेत यापेक्षा गाळाचा भार कोणी पेलला होता, हे डनहॅम विचारतात. गोल ऊइड एकमेकांना टेकायला घनफळाच्या सुमारे साठ टक्के कण लागतात. पण वक्र, पातळ शिंपल्यांची गर्दी त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही चौकट उभी करू शकते. म्हणून 35 टक्के शिंपले पाहून डोळे मिटून वॅकस्टोन लिहिणारा चुकतो. शिंपल्यांच्या खालच्या बाजूला पोकळी राहिली आहे का, ते पाहा. शिंपल्यानं छत धरलं असेल तर त्याच्या आडोशाच्या पोकळीत तळाला चिखल बसलेला आणि वर स्वच्छ स्फटिक वाढलेले दिसतात. अशी एक पोकळी दिसली तरी थराची मूळची वरची बाजू कोणती हे कळतं. घड्या पडलेल्या प्रदेशात ही माहिती लाखमोलाची.

दुसरी अडचण छेदाची. त्रिमितीत टेकलेले दोन गोळे सपाट छेदात सुटे दिसू शकतात, कारण छेद नेमका टेकण्याच्या बिंदूतून जाणं दुर्मीळ. त्यामुळे पॅकस्टोनमध्येही बरेच कण सुटे वाटतात. उपाय असा की एका छेदावर निर्णय घ्यायचा नाही. थरांना समांतर आणि आडवा असे किमान दोन छेद पाहा. टक्केवारी ठरवताना छापील तुलनाचित्रं शेजारी ठेवा. डोळा गडद, ठळक कणांना नेहमी जास्त मोजतो.

आता आपल्याकडची उदाहरणं. शहाबादी फरशी ही भीमा खोऱ्यातल्या निओप्रोटेरोझोइक (सुमारे 100 ते 54 कोटी वर्षांपूर्वीच्या) गाळाची आहे, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद, वाडी, सेडम आणि पलीकडे तेलंगणातलं तांडूर हा पट्टा. त्या काळात कवचधारी प्राणी नव्हते, म्हणून शिंपले शोधून उपयोग नाही. खडक जवळजवळ पूर्ण चुन्याच्या बारीक चिखलाचा आहे: डनहॅमचा मडस्टोन, फोकचा मिक्राइट, ग्रॅबोचा कॅल्सिल्युटाइट. तीनही पद्धती इथे एकाच जागी येतात. लादी उलगडते ती थरांमधल्या मातीच्या पातळ पापुद्र्यांमुळे. करवत न लावता पहारीनं सपाट लाद्या निघतात त्याचं कारण हेच. आणि हाच पापुद्रा फरशीच्या आत राहून गेला तर काही वर्षांनी तिथून खपली सुटते. खरेदी करताना लादीची कड ओली करून पाहा. कडेत गडद मातकट रेघ समांतर जात असेल तर ती लादी वावराच्या, भिजणाऱ्या जागी लावू नये.

सौराष्ट्रातला पोरबंदरी दगड याच्या दुसऱ्या टोकाला. तो मिलिओलाइट चुनखडक, चतुर्थक काळातला, म्हणजे भूवैज्ञानिक हिशेबात कालपरवाचा. मिलिओलिड फोरामिनिफेरा, शिंपल्यांचे घासून गोल झालेले तुकडे, पेलॉइड, पापुद्रे चढलेले कण, सगळे वाळूच्या आकाराचे, आणि मधे चिखल नाही. म्हणून ग्रेनस्टोन. कण फक्त टेकण्याच्या जागी थोड्या सिमेंटनं धरलेले, बाकी पोकळी मोकळी. म्हणून तो हलका, कोरायला सोपा आणि पाणी पिणारा. त्यातले तिरपे थर आणि समुद्रापासून दूर, उंच टेकड्यांवर चढलेले साठे पाहून त्याचा बराच भाग वाऱ्यानं वाहून आणलेल्या किनाऱ्याच्या वाळूचा मानला जातो. जुन्या इमारतीत असा दगड बदलताना शेजारी घट्ट सिमेंटचा लेप दिला तर ओल आणि क्षार दगडाच्या अंगातून बाहेर पडायला बघतात आणि नक्षी पापुद्र्यांनी झडते. चुन्याचा गिलावा आणि त्याच सच्छिद्रतेचा दगड, एवढं सांभाळलं तर ते टळतं.

या दोघांच्या मधलं उदाहरण कच्छचं. धोसा ऊलाइट, ज्युरासिकमधल्या ऑक्सफर्डियन काळाचा, सुमारे 16 कोटी वर्षांचा. त्यातले ऊइड लोहयुक्त आहेत आणि अनेक थरांत ते चिखलात विखुरलेले आहेत. पुस्तकात वाचलेलं असतं की ऊइड म्हणजे खळबळतं, उथळ, उबदार पाणी. हे बहामाच्या अॅरागोनाइटी ऊइडांना लागू. पण ऊइडांसोबत चिखल असेल तर ते जिथे तयार झाले तिथेच साठले नसावेत किंवा त्यांची जन्मकथाच वेगळी असावी. धोसामध्ये गाळ अत्यंत सावकाश साठल्याच्या खुणा आहेत. डनहॅमचं नाव लिहिताना कणाचा प्रकार पुढे जोडायचा, ‘ऊइड वॅकस्टोन’, तो याचसाठी. त्या दोन शब्दांत ही सगळी विसंगती नोंदली जाते.

मोठे कण, आणि जीवांनी बांधलेला खडक

डनहॅमची पद्धत वाळूच्या आकारापर्यंत चांगली. मोठे तुकडे आणि प्रवाळभित्ती आल्या की ती अपुरी पडते. 1971 मध्ये एम्ब्री आणि क्लोव्हन यांनी कॅनडातल्या बँक्स बेटावरच्या डेव्होनियन भित्तींवर काम करताना भर घातली. 2 मिलिमीटरहून मोठे कण 10 टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर चिखलात तरंगणाऱ्यांना फ्लोटस्टोन, टेकलेल्यांना रुडस्टोन. बाउंडस्टोनचेही तीन भाग केले: जीवांनी उभी चौकट रचली तर फ्रेमस्टोन, पसरून गाळ बांधला तर बाइंडस्टोन, आणि उभ्या फांद्यांनी पाण्याचा वेग अडवून गाळ बसवला तर बॅफलस्टोन.

कच्छमधला फुलरा चुनखडक हा मध्य इओसीनचा, सुमारे 4 कोटी वर्षांचा. त्यातले नम्युलाइट आणि डिस्कोसायक्लिना नुसत्या डोळ्यांना दिसतात. फोरामिनिफेरा म्हणजे ‘सूक्ष्म’ म्हणून सवयीनं पॅकस्टोन लिहून मोकळं होऊ नका. 2 मिलिमीटरवरची कवचं मोजा, अनेक थर फ्लोटस्टोन किंवा रुडस्टोन निघतात. तमिळनाडूतला गरुडमंगलमचा शिंपल्यांचा चुनखडक, जो पॉलिश करून शोभेसाठी वापरला गेला, तोही शिंपले भरगच्च टेकलेला.

बाइंडस्टोन पाहायचा तर उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यातलं सलखन. विंध्य समूहातले सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट तिथे थरांना समांतर छेदात वर्तुळांसारखे आणि उभ्या छेदात घुमटांसारखे दिसतात. सूक्ष्मजीवांच्या चटया गाळ पकडत, बांधत वर वाढल्या, त्याची ही रचना.

सर्वांत शिकवणारं उदाहरण मात्र नर्मदेच्या खोऱ्यातल्या बागचं. तिथल्या क्रिटेशस थरांतल्या एकाला ‘कोरलाइन’ चुनखडक म्हणतात, पण त्यात भरणा प्रवाळांचा नसून ब्रायोझोआंचा (वसाहतीनं राहणाऱ्या बारीक जलचरांचा) आहे. नाव ऐकून बाउंडस्टोन लिहावंसं वाटतं. भिंग लावा. ब्रायोझोआ तुटलेले, वाहून आलेले, वर्गवारी झालेले आहेत आणि थर तिरपे आहेत. म्हणजे ग्रेनस्टोन, क्वचित पॅकस्टोन. जीव भित्ती बांधणाऱ्या गटातला आहे एवढ्यावर खडक बाउंडस्टोन होत नाही. तो जीव वाढल्या जागी, वाढल्या स्थितीत हवा, आणि गाळ त्यानं खरोखर बांधलेला दिसायला हवा.

सूक्ष्मदर्शकाखाली फोक

टेक्सास विद्यापीठाचे रॉबर्ट फोक यांनी 1959 मध्ये मांडलेली आणि 1962 मध्ये वाढवलेली पद्धत पातळ कापांसाठी आहे. दगडाचा काप काचेवर इपॉक्सीनं चिकटवून 30 मायक्रॉनपर्यंत घासतात. पोकळ्या पाहायच्या असतील तर कापण्याआधीच निळा रंग मिसळलेली इपॉक्सी दगडात भरून घ्यावी, नाहीतर घासताना निखळलेल्या कणाचं भोक खरी पोकळी म्हणून मोजलं जातं.

फोकचं नाव दोन तुकड्यांचं. मागचा तुकडा कणांमध्ये काय आहे ते सांगतो: 4 मायक्रॉनहून बारीक चिखल असेल तर मिक्राइट, स्वच्छ स्फटिक असतील तर स्पाराइट. पुढचा तुकडा कणांचा, आणि तो क्रमानं ठरतो. कणांमध्ये इंट्राक्लास्ट 25 टक्क्यांहून जास्त असतील तर ‘इंट्रा’, मग बाकीचं पाहायचंच नाही. नसतील आणि ऊइड 25 टक्क्यांहून जास्त असतील तर ‘ऊ’. तेही नसतील तर जीवाश्म आणि पेलेट (वर सांगितलेल्या पेलॉइडसारखे कण) यांचं गुणोत्तर: 3 ला 1 पेक्षा जास्त तर ‘बायो’, 1 ला 3 पेक्षा कमी तर ‘पेल’, मधे असेल तर ‘बायोपेल’. इंट्राक्लास्टला पहिला मान, कारण तळ उखडला गेला ही घटना इतर कशाहून महत्त्वाची. पोरबंदरीसारख्या दगडाला नाव देताना ‘स्पाराइट’ लिहिण्याआधी स्पार खरंच आहे का, की पोकळी रिकामीच आहे, हेही नोंदवा.

टक्केवारी बिंदू मोजून काढतात, सहसा 300 बिंदू. 25 टक्क्यांच्या आसपास 300 बिंदूंमध्ये चूक वर-खाली सुमारे 5 टक्के असते. म्हणजे 23 आणि 27 यांत फरक केल्याचा आव आणू नये. सीमारेषेवरचा नमुना असेल तर तसं लिहावं किंवा जास्त बिंदू मोजावेत.

फोकच्या पद्धतीचा कमकुवत सांधा म्हणजे स्पार. पोकळीत वाढलेला स्पार आणि चिखलच नंतर मोठा स्फटिक होऊन झालेला स्पार, हे दोन्ही पारदर्शक. पहिला सांगतो की पाण्यानं चिखल धुवून नेला होता. दुसरा सांगतो की चिखल होता. गल्लत केली तर शांत खाजण खळबळता किनारा म्हणून नोंदलं जातं. चुनखडकांचे अभ्यासक बॅथर्स्ट यांनी सांगितलेल्या खुणा इथे वापरायच्या. खरं सिमेंट कणाच्या भिंतीपासून आत जाताना मोठं मोठं होतं, स्फटिकांच्या कडा सरळ असतात, लांबी भिंतीला काटकोनात असते आणि कणाची कड स्वच्छ राहते. रूपांतरित चिखलात स्फटिकांच्या कडा वेड्यावाकड्या, आकार ठिकठिकाणी वेगळे, मधे मिक्राइटचे गढूळ अवशेष, आणि स्फटिक कणाची सीमा ओलांडून आत घुसलेले दिसतात. आपल्या प्रोटेरोझोइक चुनखडकांत हा प्रश्न सतत येतो. अशा जागी ‘रूपांतरित मिक्राइट’ असं लिहिणं, नसलेला बायोस्पाराइट शोधण्यापेक्षा प्रामाणिक.

आणखी एक बदल दाबाचा. शेकडो मीटर गाळाखाली चिखल दबतो, कण जवळ येतात, आणि साठताना वॅकस्टोन असलेला थर आज पॅकस्टोन दिसतो. करवतीच्या दात्यांसारख्या काळ्या रेघा, म्हणजे स्टायलोलाइट, दिसल्या तर तिथे चुना विरघळून गेला आहे आणि न विरघळणारी माती रेघेत उरली आहे. कण एकमेकांत रुतलेले असतील, शिंपले चिरडलेले असतील तर नावापुढे ‘दाबामुळे’ हा शेरा हवाच.

कॅल्साइट आणि डोलोमाइट वेगळे करायला रंगचाचणी करतात. 1.5 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 100 मिलिलिटरमध्ये 0.2 ग्रॅम अॅलिझारिन रेड एस, आणि वेगळ्या 100 मिलिलिटरमध्ये 2 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. काप आधी 1.5 टक्के आम्लात 10 ते 15 सेकंद. मग दोन्ही द्रावणं 3 ला 2 या प्रमाणात मिसळून त्यात 30 ते 45 सेकंद. शेवटी फक्त अॅलिझारिनमध्ये 10 ते 15 सेकंद. कॅल्साइट गुलाबी-लाल होतो, लोहयुक्त कॅल्साइट जांभळट ते निळा, लोहयुक्त डोलोमाइट हिरवट निळा, आणि शुद्ध डोलोमाइट कोराच राहतो. फेरिसायनाइडचं द्रावण दर वेळी ताजं करा. जुनं झालं की निळा रंग सगळीकडे बसतो. धुताना धार मारू नका, रंगाचा थर अगदी नाजूक असतो. फेरिसायनाइड तापवू नये आणि तीव्र आम्लात मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

सिमेंटवाल्यांचं गणित वेगळं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा, कोरपना, गडचांदूर आणि यवतमाळमधल्या वणीच्या बाजूचा चुनखडक पैनगंगा समूहाचा. तोही प्रोटेरोझोइक, मुख्यतः मिक्राइट, काही ठिकाणी चुनखडकाच्याच चपट्या तुकड्यांचे थर असलेला. तिथल्या सिमेंट कारखान्याला मिक्राइट की स्पाराइट याच्याशी देणंघेणं नाही. त्याला कॅल्शियम ऑक्साइड साधारण 44 टक्क्यांच्या वर हवा आणि मॅग्नेशियम ऑक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत.

शुद्ध कॅल्साइटमध्ये कॅल्शियम ऑक्साइड 56 टक्के असतो, बाकी 44 टक्के कार्बन डायऑक्साइड. शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड 21.9 टक्के आणि कॅल्शियम ऑक्साइड 30.4 टक्के. समजा अहवालात कॅल्शियम ऑक्साइड 46 आणि मॅग्नेशियम ऑक्साइड 4 टक्के आहे. 4 ला 4.57 नं गुणलं की डोलोमाइट सुमारे 18.3 टक्के. त्या डोलोमाइटनं कॅल्शियम ऑक्साइडपैकी 5.6 खाल्ला, उरला 40.4. त्याला 1.785 नं गुणलं की कॅल्साइट सुमारे 72 टक्के. बेरीज साडेनव्वद, बाकी साडेनऊ टक्के माती, सिलिका वगैरे. कार्बोनेटमधला डोलोमाइट सुमारे 20 टक्के झाला. 10 ते 50 टक्क्यांमध्ये असेल तर खडक डोलोमाइटी चुनखडक, त्यामुळे नाव तेच लागतं. पण हे गणित सगळा मॅग्नेशियम डोलोमाइटातच आहे असं गृहीत धरतं. तो मातीच्या खनिजांतही असू शकतो. रंगवलेल्या कापात डोलोमाइट दिसत नसेल तर आकडा पुन्हा तपासा.

पोकळीचं नाव

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये सापडलेलं मुंबई हाय हे चुनखडकातलं तेलक्षेत्र आहे. त्याचा मुख्य साठा ‘एल-3’ या मायोसीन काळाच्या सुरुवातीच्या चुनखडकात. तिथे खडकाच्या नावाइतकंच पोकळीचं नाव महत्त्वाचं. चोकेट आणि प्रे यांनी 1970 मध्ये पोकळ्यांची विभागणी मांडली: खडकाच्या घडणीला धरून असलेल्या, जसं कणांमधली, कणाच्या आतली, शिंपला विरघळून उरलेली साच्याची पोकळी, आणि घडणीला न जुमानणाऱ्या, जसं भेगा आणि विरघळून झालेली विवरं. एल-3 मधली बरीचशी पोकळी नंतरच्या विरघळण्यानं झाली आहे. म्हणून तिथे ‘ग्रेनस्टोन म्हणजे चांगला साठा, वॅकस्टोन म्हणजे वाईट’ हा सरळ नियम चालत नाही. साच्याच्या पोकळ्या भरपूर असल्या तरी त्या एकमेकींना जोडलेल्या नसतील तर त्यातलं तेल विहिरीकडे वाहत नाही. नोंदीत पोकळीचा प्रकार आणि ती जोडलेली दिसते का, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात.

वहीत काय लिहायचं

‘शहाबाद फॉर्मेशन’ हे नकाशावर दाखवता येणाऱ्या थरसमूहाचं नाव आहे, ‘मडस्टोन’ हे खडकाचं. एका फॉर्मेशनमध्ये अनेक खडक असू शकतात, म्हणून नोंदीत दोन्ही हवीत आणि वेगळी हवीत. क्रम असा ठेवा: ताज्या आणि झिजलेल्या बाजूचा रंग, थराची जाडी (3 ते 10 सेंटिमीटर पातळ, 10 ते 30 मध्यम, 30 ते 100 जाड), कणांचे प्रकार जास्तीपासून कमीकडे, डनहॅमचं नाव, मग नंतरचे बदल. उदाहरणार्थ: ‘फिकट राखाडी, झिजून पिवळट; मध्यम थर; शिंपले-फोरामिनिफेरा पॅकस्टोन; स्टायलोलाइट; शिंपल्यांच्या साच्याच्या पोकळ्या, सुट्या; आम्लाला जोरदार.’ ठरत नसेल तर ‘वॅकस्टोन ते पॅकस्टोन’ लिहा, हे वैध आहे. नमुना मुठीएवढा घ्या, फोडण्यापूर्वीच त्यावर वरच्या दिशेचा बाण आणि क्रमांक न पुसणाऱ्या शाईनं टाका, आणि तोच क्रमांक पिशवीवर आणि आतल्या चिठ्ठीवरही लिहा. ओल्या दगडावरची शाई पिशवीत घासून जाते.